कोल्हापुरातली ट्रॅक मेंटेनरची बॅच : शिकवणी चांगली, क्रम उलटा

सेवा : रेल्वे लेव्हल-१ भरतीची चार महिन्यांची बॅच, मैदानासह
ठिकाण : कोल्हापूर शहर
फी : ९,५०० रुपये, दोन हप्त्यांत
आमचा शेरा : पाचपैकी तीन

क्लासचं नाव मुद्दाम देत नाही. इथं ज्या त्रुटी दिसल्या त्या एका क्लासपुरत्या नाहीत. शहरात लागणाऱ्या बॅचची पत्रकं वाचली, तर थोड्याफार फरकानं हीच आखणी दिसते : आधी फी, मग गणित-बुद्धिमत्ता, मग मैदान, आणि शेवटी जमलं तर मेडिकलची चार वाक्यं. ट्रॅक मेंटेनरच्या, म्हणजे आपण ज्याला गँगमन म्हणतो त्या कामाच्या भरतीला ही आखणी उलटी पडते. ती कशी आणि कुठं, हे फी भरण्याआधी कळावं म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

आधी पद समजून घ्या. पूर्वी ज्याला ग्रुप डी म्हणत त्यालाच आता लेव्हल-१ म्हणतात. रेल्वेच्या सीईएन (केंद्रीय भरती सूचना) ०८/२०२४ या जाहिरातीत ३२,४३८ जागा होत्या, त्यांतल्या १३,१८७ एकट्या ट्रॅक मेंटेनर ग्रेड-४ च्या. म्हणजे दहांतल्या चार जागा रुळावरच्या. पात्रता दहावी पास, किंवा आयटीआय, किंवा राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र. तिन्हींपैकी एक पुरे. निकाल हातात नसलेल्याला अर्ज करता येत नाही. मूळ वेतन १८,०००, त्यावर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे, आणि रुळावरच्या माणसाला वेगळा जोखीम भत्ता, जो सातव्या वेतन आयोगात महिना २,७०० रुपये ठरला. पुढं ग्रेड-३, ग्रेड-२, ग्रेड-१ अशा पायऱ्या आहेत आणि त्या लेव्हल २, ४ आणि ५ मध्ये बसतात. क्लासच्या पहिल्या दिवशीच्या माहितीत हे सगळं बरोबर सांगितलं जातं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार सुरू होते डोळ्यांपासून.

ट्रॅक मेंटेनरला मेडिकलचा दर्जा बी-१ लागतो. लांबची नजर एका डोळ्याला ६/९ आणि दुसऱ्याला ६/१२, चष्म्यासह चालते, पण भिंगाचा नंबर ४ च्या वर नको. जवळचं वाचन ०.६. याखेरीज रंग ओळखण्याची चाचणी, दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याची, रात्रीच्या नजरेची आणि संधिप्रकाशातल्या नजरेची चाचणी. यांतली रंगांची चाचणी सगळ्यांत क्रूर आहे, कारण लाल-हिरव्यातला दोष बहुतेक जन्मजात असतो, पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि ज्याला असतो त्याला तो असल्याचं अनेकदा माहीतच नसतं. पिकलेला आणि कच्चा टोमॅटो तो रंगापेक्षा छटेवरून आणि जागेवरून ओळखत आलेला असतो. त्यानं वर्षभर घाम गाळावा, लेखी काढावी, मैदान मारावं आणि शेवटी ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा दिसू नये, यापेक्षा वाईट काय असणार? मेडिकलमध्ये नापास झालेल्याला रेल्वे दुसरं पद देत नाही.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडं हे ठिपक्यांचे इशिहारा तक्ते असतात. 'रेल्वेच्या बी-१ साठी रंगदृष्टी आणि चष्म्याचा नंबर तपासून लिहून द्या' एवढं सांगितलं की झालं. या क्लासमध्ये मेडिकलचा विषय निघतो तो बॅचच्या चौथ्या महिन्यात. तो पहिल्या दिवशी, फीच्या पावतीआधी निघायला हवा. रंगांत दोष निघाला तर वाट बंद होत नाही. वर्कशॉपसारख्या काही लेव्हल-१ पदांना सी-१ दर्जा चालतो, त्यात रंगदृष्टीची अट नाही. अर्जात पदांचा पसंतीक्रम भरताना हे माहीत असलं तर माणूस वाचतो. चौथ्या महिन्यात कळून उपयोग नाही, तोवर अर्जाची मुदत संपलेली असते.

दोन गोष्टी या क्लासमध्ये चुकीच्याच सांगितल्या गेल्या. एक, 'चष्मा असेल तर लेसर करून घ्या.' हा सल्ला नुकसान करणारा आहे. चार नंबरपर्यंतचा चष्मा बी-१ ला चालतो. लेसिक किंवा तशी शस्त्रक्रिया करून नंबर घालवलेला उमेदवार मात्र बी-१ ला चालत नाही. म्हणजे पात्र असलेला मुलगा पैसे खर्चून अपात्र होतो. दुसरी, 'तक्त्यांवरचे आकडे पाठ करा.' रेल्वेच्या दवाखान्यात तक्त्यांबरोबर कंदिलाची चाचणीही असते, त्यात रंगीत दिवे ओळखावे लागतात. पाठांतर तिथं चालत नाही आणि चालूही नये. रात्री रुळावर हातातल्या तीनरंगी बत्तीचा लाल आणि हिरवा ज्याला वेगळा दिसत नाही, त्याचा जीव तर धोक्यात असतोच, गाडीतल्या लोकांचाही असतो.

आता मैदान. इथं क्लासची मेहनत खरी आहे. पहाटे साडेपाचला शिट्टी होते, प्रशिक्षक स्वतः हजर असतो, पावसातही सुट्टी नाही. पण बॅचमध्ये पोलीस भरतीची आणि रेल्वेची पोरं एकत्र पळवली जातात आणि तिथं घोळ होतो. पोलीस भरतीत १६०० मीटरला वेळेप्रमाणे गुण मिळतात, म्हणून सेकंदासेकंदाला किंमत. रेल्वेची शारीरिक चाचणी फक्त पास-नापास आहे, गुण नाहीत. पुरुषांनी १००० मीटर ४ मिनिटं १५ सेकंदांत, एकाच संधीत. आणि ३५ किलो वजन १०० मीटर, २ मिनिटांत, खाली न ठेवता, तेही एकाच संधीत. महिलांना १००० मीटरसाठी ५ मिनिटं ४० सेकंद आणि वजन २० किलो. दोन संधी नाहीत, हा यातला खरा कठीण भाग. म्हणून सराव वेगाचा कमी आणि खात्रीचा जास्त हवा.

हिशेब सरळ आहे. ४:१५ म्हणजे २५५ सेकंद. दर १०० मीटरला साडेपंचवीस, ४०० मीटरच्या फेरीला १ मिनिट ४२. महिलांसाठी फेरी २ मिनिटं १६ सेकंदांची. सरावात पुरुषांनी ३:५० धरावं, म्हणजे फेरी १:३२ च्या आसपास. परक्या मैदानावर, गर्दीत, रात्रीच्या प्रवासानं शिणलेल्या पायांनी पंधरा-वीस सेकंद सहज जातात. आठवड्यात एक दिवस ४०० मीटरच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एक दिवस चार-पाच किलोमीटर सावकाश. एक दिवस पूर्ण १००० ची चाचणी. एवढं पुरे होतं. इथं रोजच १६०० पळवतात आणि दुसऱ्या महिन्यात पोरांच्या नडग्या दुखायला लागतात. नडगी दुखली की पंधरा दिवस गेले.

आणखी एक गोष्ट टेप लावून पाहिली. क्लास ज्याला ४०० ची फेरी म्हणतो ती प्रत्यक्षात ३८० मीटर भरली. पावलांनी मोजून चुन्याच्या खुणा केलेल्या, वळणं आत ओढलेली. अडीच फेऱ्यांत हा फरक ५० मीटर होतो, आणि त्या वेगाला ५० मीटर म्हणजे जवळपास १३ सेकंद. मुलगा इथं ४:०५ मध्ये येतो, खूश होतो, आणि खऱ्या १००० मीटरवर ४:१८ लागून बाहेर पडतो. त्याला शेवटपर्यंत कळत नाही की चूक त्याच्या पायांत नव्हती, चुन्यात होती. प्रशिक्षकाला दाखवल्यावर त्यानं खुणा लगेच बदलल्या, ही त्याच्या चांगुलपणाची बाजू. तरी आपल्या क्लासचं मैदान एकदा आपण मोजावंच.

वजनाच्या चाचणीबद्दल कोल्हापुरात एक गैरसमज पक्का आहे : तालमीत कसलेल्या पोराला पस्तीस किलो म्हणजे काय! उचलायला काहीच नाही, हे खरं. गूळ मार्केटात तीस किलोचे रवे दिवसभर फिरवणारी माणसं इथं आहेत. पण नापास होणारे उचलताना होत नाहीत, साठ-सत्तर मीटरवर होतात. कारण गोणीतली वाळू जिवंत असते. चालताना ती मागं सरकते, गोणी खांद्यावरून घसरते, सावरायच्या नादात ती जमिनीला टेकते आणि संपतं. पैलवान पोरं सवयीनं गोणीला छातीशी मिठी मारतात. त्यात श्वास कोंडतो आणि पन्नास मीटरवर हाताचे पुढचे स्नायू भरून येतात. गोणी उभी करून, गुडघ्यांत बसून, आधी मांडीवर आणि मग खांद्यावर घ्यायची. लांबी पाठीमागं न लोंबवता मानेला समांतर ठेवायची. त्याच बाजूच्या हातानं शिवण पकडायची. पावलं आखूड टाकायची. आणि पळायचं अजिबात नाही. १०० मीटरला २ मिनिटं म्हणजे ताशी तीन किलोमीटर, रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसंसुद्धा यापेक्षा भरभर चालतात. घाई करणारा गोणी पाडतो.

या क्लासमध्ये सरावाला जिमच्या लोखंडी प्लेटा वापरतात. त्या बंद करून गोणी आणावी. सिमेंटची रिकामी प्लास्टिक गोणी घ्या. कोरडी क्रश सँड किंवा वाळू लिटरला साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते, म्हणून ३५ किलोला गोणी जेमतेम दोन-तृतीयांश भरते. वर रिकामी राहिलेली जागा हाच घोळ, तिथंच वाळू पळते. सरावाच्या सुरुवातीला ती रिकामी जागा पिळून सुतळीनं घट्ट बांधा. शेवटच्या महिन्यात मुद्दाम सैल सोडा, कारण चाचणीला गोणी कशी बांधलेली मिळेल हे आपल्या हातात नाही. वजन भुसार दुकानाच्या काट्यावर करा. रात्री पावसात भिजलेली गोणी सकाळी दोन-तीन किलो जास्त भरते, हेही लक्षात ठेवा. पहिल्या आठवड्यात २० किलो, मग आठवड्याला पाच वाढवत चौथ्यात ३५, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा ४०. आधी धाव मग गोणी, आधी गोणी मग धाव, दोन्ही क्रमांनी सराव असावा.

लेखीच्या शिकवणीला आम्ही सगळ्यांत जास्त गुण देतो. संगणकावरची परीक्षा १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची : बुद्धिमत्ता ३०, गणित २५, सामान्य विज्ञान २५, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २०. तीन चुकांना एक गुण जातो. खुल्या आणि ईडब्ल्यूएस गटाला किमान ४० टक्के, इतरांना ३०, पण किमान गुण मिळवून कुणाला नोकरी लागत नाही. शारीरिक चाचणीला जागांच्या तिप्पटच बोलावतात. गणिताचे सर शेकडेवारी आणि काळ-काम-वेग डोक्यात करायला लावतात, कागदाला हात लावू देत नाहीत. प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, तेव्हा हीच रीत योग्य. विज्ञानाला राज्य मंडळाची नववी-दहावीची पुस्तकं वापरतात, तेही योग्य.

अडचण भाषेची आहे. परीक्षा मराठीतून देता येते आणि शिरोळ, भुदरगड, आजऱ्याकडून आलेली बहुतेक पोरं अर्जात मराठीच निवडतात. क्लासच्या सराव परीक्षा मात्र हिंदी पीडीएफवरून घेतल्या जातात. त्यात मुलं 'लाभ-हानि', 'साधारण ब्याज', 'उत्तल लेंस', 'प्रतिरोध' वाचायला शिकतात आणि परीक्षेच्या पडद्यावर 'नफा-तोटा', 'सरळव्याज', 'बहिर्वक्र भिंग', 'रोध' येतं. उत्तर येत असूनही प्रश्न दोनदा वाचावा लागतो. चार महिन्यांत वीस सराव परीक्षा होतात. त्यांतल्या निम्म्या तरी मराठीत हव्यात. मराठी भाषांतर घोटाळ्याचं वाटलं तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो, म्हणून पडद्यावर भाषा बदलून प्रश्न पाहायची सवयही लावावी. सध्या ती कुणी लावत नाही.

आता या बॅचमधल्या सगळ्यांत मोलाच्या गोष्टीकडं येतो, आणि ती फक्त एका रविवारी दोन तास मिळते. बॅच संपता संपता क्लास रुळावरच्या टोळीच्या एका निवृत्त मुकादमाला बोलावतो. बाकी चार महिन्यांत नोकरीत शिरायचं कसं ते कळतं. नोकरी काय आहे ते या दोन तासांत.

मुकादमांनी आधी वजनं सांगितली. मीटरला ६० किलोचा रूळ, १३ मीटर लांबीचा म्हणजे ७८० किलो. सिमेंटचा स्लीपर, म्हणजे रुळाखालचा आडवा ठोकळा, अडीचशे किलोच्या वर. मुख्य मार्गावर किलोमीटरला असे १,६६० स्लीपर, प्रत्येकावर रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा. कीमन रोज आपला टप्पा चालतो, जाताना एका रुळावर नजर आणि येताना दुसऱ्या; सैल क्लिप ठोकणं, क्लिपेखालचा निसटलेला लायनर बसवणं, तडा शोधणं हे त्याचं काम. क्लिप ठोकण्याचीही रीत आहे. तिचा मधला दांडा इन्सर्टच्या, म्हणजे स्लीपरमधल्या लोखंडी खोबणीच्या, तोंडाशी बरोबर आला की थांबायचं. अजून एक घाव घातला तर पकड वाढण्याऐवजी बिघडते. आणि ठोकताना क्लिप ज्या दिशेनं उडू शकते त्या रेषेत स्वतःही उभं राहायचं नाही, दुसऱ्यालाही उभं राहू द्यायचं नाही.

मग उन्हाळा. तेरा मीटरचा सुटा रूळ ४० अंशांच्या फरकानं सहा मिलिमीटर वाढतो, म्हणून सांध्यात फट ठेवतात आणि फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर थंडीत, वंगण घालतात. वंगण सुकलं की सांधा आवळून बसतो, फट काम करत नाही. सलग जोडलेल्या लांब रुळाला वाढायला जागाच नसते. वाढ आतल्या आत दाबात बदलते. ३० अंश तापमान चढलं तर ६० किलोच्या एका रुळात साधारण ५७ टन दाब साठतो. तो दाब धरून ठेवते ती स्लीपरच्या बाजूची खडी. म्हणून भर दुपारी खडी उकरायला मनाई असते. उकरली तर रूळ बाजूला उसळी घेऊन नागमोडी होतो. 'खडी नुसती दिसायला नसते, ती रुळाला धरून ठेवते,' हे वाक्य ऐकताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडून बसली होती.

वळणाचं मापही त्यांनी करून दाखवलं. २० मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणायची, मधोमध रूळ आणि दोरी यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये घ्यायचं. ५०,००० ला त्या आकड्यानं भागलं की वळणाची त्रिज्या मीटरमध्ये येते. साडेअठ्ठावीस मिलिमीटर आलं तर १,७५० मीटर त्रिज्या, म्हणजे एक अंशाचं वळण. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर. गणितात घाबरणारी मुलं हे चटकन शिकली, कारण आकड्यामागं वस्तू होती.

सगळ्यांत महत्त्वाचा भाग संरक्षणाचा. रूळ तुटलेला दिसला, तर पहिलं काम दुरुस्ती नव्हे, गाडी थांबवणं. जागेवर लाल निशाण लावायचं. मग गाडीच्या दिशेनं पळत जायचं. ६०० मीटरवर एक फटाका (चाकाखाली आला की धमाका करणारा) रुळावर बसवायचा आणि १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा मीटर अंतरानं. ताशी शंभरनं येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर तोडते, १२०० मीटर ती ४३ सेकंदांत संपवते. चालकाला धमाका ऐकून ब्रेक लावायला एवढाच अवकाश. कोल्हापूर-मिरज मार्ग एकेरी आहे, गाडी दोन्हीकडून येऊ शकते, म्हणून दोन्ही बाजूंना बंदोबस्त, आणि जिकडून गाडी आधी अपेक्षित तिकडं पहिल्यांदा. हे मैदानावर दहाव्या हिश्शानं, ६० आणि १२० मीटरच्या खुणा करून, पोरांकडून तीनदा पळवून घेतलं. १००० मीटरची चाचणी रेल्वे का घेते याचं उत्तर कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पावसाळी गस्तीबद्दल मात्र घाईत उरकलं गेलं. आपल्याच भागात रुकडीजवळ पंचगंगेवर रेल्वेचा पूल आहे, पुराच्या दिवसांत त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. रात्रीच्या पावसात भरावावरून बत्ती घेऊन चालणाऱ्या माणसाला काय पाहायचं असतं : पुलाच्या खांबावरची धोक्याची पातळी, भरावाच्या कडेला पडलेली भेग, स्लीपरखालून वाहून जाणारी खडी, रुळाखालच्या मोरीच्या वरच्या अंगाला तुंबलेलं पाणी. यावर तासभर सहज बोलता आलं असतं.

हे व्याख्यान शेवटच्या रविवारी नको, पहिल्या आठवड्यात हवं. पदवी घेतलेली पोरंही या भरतीला येतात. काम कळल्यावर ज्याला नको वाटेल त्याचे चार महिने वाचतील, आणि ज्याला हवं वाटेल तो गोणी वेगळ्या मनानं उचलेल.

दोन गोष्टी क्लासनं आजच थांबवाव्यात. वर्गात काचेच्या कपाटात दोन क्लिपा, एक फिशप्लेट आणि लायनर मांडून ठेवले आहेत. कुठून आणले याचा कागद नसेल तर रेल्वेची मालमत्ता अशी बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि ज्या मुलांना उद्या रेल्वेत चारित्र्य पडताळणीला सामोरं जायचं आहे त्यांच्या हातात ती खेळवणं तर फारच वाईट. लाकडी नमुना करून घ्या, सुताराला दिवसाचं काम आहे. दुसरं, 'प्रॅक्टिकल'च्या नावानं पोरांना रुळावर नेऊन फोटो काढणं. विनापरवाना रुळावर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली येतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मुकादमांचं संरक्षणाचं व्याख्यान ऐकल्यावर बाकी कारण सांगायची गरज उरू नये.

पत्रकावरचं 'कोल्हापुरातच पोस्टिंग' हे आश्वासन कुठल्याही क्लासला देता येत नाही. कोल्हापूर मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतं, पण मध्य रेल्वेला मुंबई, भुसावळ, नागपूर आणि सोलापूर असे आणखी चार विभाग आहेत. मिरजेच्या पुढं बेळगावच्या दिशेला तर नैर्ऋत्य रेल्वे लागते. खंडाळ्याचा घाट मिळेल किंवा विदर्भातलं ऊन. मनाची तयारी तशी असावी. अर्ज एकाच भरती मंडळाला करता येतो, म्हणून मंडळ निवडताना हा नकाशा समोर असावा.

क्लास १,५०० रुपये जादा घेऊन 'ट्रॅक सेफ्टी' नावाचं स्वतःचं प्रमाणपत्र देतो. भरतीत त्याला काडीचीही किंमत नाही. घेऊ नका. कामाचं खरं शिक्षण निवड झाल्यावर रेल्वेच्या स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रात आणि मुकादमाच्या हाताखाली मिळतं, त्याचे पैसे पडत नाहीत. आधीच्या प्रशिक्षणाचा भरतीत खरा फायदा एकाच ठिकाणी होतो : रेल्वेच्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ मध्ये २० टक्के जागा राखीव असतात. कळंब्याच्या शासकीय आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलांनी मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीवर नजर ठेवावी. तिथं परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. दहावीला ५० टक्के हवेत. हा रस्ता क्लासमध्ये कुणी सांगितला नाही.

मुलींसाठी वेगळी तुकडी नाही. बॅचमध्ये सात-आठ मुली आहेत, त्यांना मुलांच्या वेगाच्या मागं पळवतात आणि २० किलोची गोणी वेगळी नाही म्हणून प्लेटा उचलायला लावतात. एक वीस किलोची गोणी भरायला दहा मिनिटं लागतात. धावेत त्यांच्यासाठी ५ मिनिटं ४० सेकंदांची शिट्टी वेगळी वाजवायला तर काहीच लागत नाही. महिला प्रशिक्षक नेमता येत नसेल तर किमान एवढं व्हावं.

फीबद्दल : पहिला हप्ता परत मिळत नाही, हे पावतीच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं आहे. अर्जाची रेल्वेची फी वेगळी, सर्वसाधारण गटाला ५०० रुपये, परीक्षेला बसल्यावर त्यातले ४०० खात्यात परत येतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला वगैरेंना २५० आणि ती सगळी परत, बँकेचे आकार वजा करून. क्लासमार्फत अर्ज भरला तर परतीसाठी बँक खातं स्वतःचंच दिलं आहे ना ते पाहा. चौकशीला जाताना डोळ्यांच्या डॉक्टरनं लिहून दिलेला कागद आणि तीस मीटरची टेप बरोबर न्या. मैदान क्लासपासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि दोघं मिळून एक फेरी मोजायला अर्धा तास पुरतो.